लक्तरं टांगायला तरी वेस ठेवा

कडुनिंबाला मोहोर आला की आमचं गाव दबक्या आवाजात बोलायला लागतं. एरवी दिवसभर ओरडणारा टीव्ही मुका होऊन नुसताच चमकत राहतो. नळावर भांडण पेटायच्या आधी बायका विचारतात, "तुमच्यात कुणी दहावीला हाय का?" असलं तर भांडण पुढं ढकलतात, विसरत मात्र नाहीत. शिवारात ज्वारी काढून पडलेली असते. कडब्याचा गोडसर, घशात खवखवणारा वास गल्लीबोळांत शिरतो. माळावरचा पळस पेटून विझत आलेला असतो. उसाच्या ट्रॉल्यांतून पडलेली कांडकी चाकाखाली चिरडून डांबरी रस्ता चिकट होतो आणि पाऊल उचललं की चप्पल मागं राहते. हा आमचा परीक्षेचा हंगाम. कुणाला दिवाळी आठवते, कुणाला जत्रा. मला हा हंगाम आठवतो, आणि यंदा तो आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

कारण आमची वेस.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावानं हे स्वतःवर ओढून घ्यावं, माझी हरकत नाही. वेस काळ्या दगडाची आहे. कुणी बांधली, कधी बांधली यावर पारावर रोज वाद होतो आणि रोज तो चहावर मिटतो. मला त्या वादात रस नाही. वेशीला दोन्ही अंगांनी देवड्या आहेत, म्हणजे पूर्वी पहारेकरी बसायचे ते दगडी ओट्यांचे कोनाडे, चार माणसं मांडी घालून बसतील एवढे ऐसपैस. वर नगारखाना, त्यात नगारा नाही, पारवे आहेत. दाराच्या दोन फळ्या होत्या. उजवी फळी एका ट्रॉलीनं धडक दिल्यावर काढून ठेवली. कुठं ठेवली ते विचारलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. डावी फळी जागेवर आहे, कायमची बंद, अणकुचीदार लोखंडी खिळ्यांसकट. तिच्या पोटात एक माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार आहे. त्याला दिंडी म्हणतात. दिंडीची झडप कधीच गेली, नुसती मोकळी चौकट उरलीय.

यंदा या वेशीवर कागद चिकटला. "वाहतुकीस अडथळा ठरणारे जुने बांधकाम." परीक्षा संपल्या की पाडणार. परीक्षा संपल्या की! पोरांचा अभ्यास बिघडू नये म्हणून जेसीबी थांबवून ठेवलाय म्हणे. केवढं हे मन! खाटकानं बोकडाला म्हणावं, तुझं चरून होऊ दे सावकाश.

अडथळा. मी पत्रकं लिहिते, त्यामुळं शब्दांशी माझा रोजचा झगडा आहे. रस्त्यात बसलेली म्हैस अडथळा असते. वाळूचा ढिगारा अडथळा असतो. पण आमच्या गावाचा अर्धा पत्ता त्या दारावर चालतो. वेशीतला न्हावी, वेशीबाहेरची शाळा, वेशीकडची गल्ली. त्या दाराला अडथळा म्हणताना यांची जीभ वळते कशी? पहिल्या पत्रकात मी लिहिलं होतं, "गावाची लक्तरं वेशीवर टांगली असं आपण म्हणतो. वेसच पाडली तर लक्तरं टांगायची कुठं? शॉपिंग सेंटरच्या शटरला?" ते पत्रक दुसऱ्या दिवशी भज्यांना गुंडाळून माझ्याच हातात परत आलं. 'अडथळा' शब्दावर तेलाचा डाग पसरला होता. मला बरं वाटलं.

आई म्हणाली, "भजी तरी गरम मिळाली का?"

माझ्या दहावीच्या वर्षी आमचं घर दोन खोल्यांचं होतं. अजूनही दोनच खोल्यांचं आहे. वर पत्रा. मार्चात पत्रा दुपारी असा तापतो की त्याखाली बसलेल्या माणसाच्या डोक्यात काही टिकत नाही, सगळं वाफ होऊन जातं. गावातली पोरं अशा दुपारी वह्या घेऊन वेशीत जायची. उजवी देवडी त्यांची. तिथं दगडाला पाठ लावली की सदऱ्यातून गारवा आत शिरतो, आणि कमानीतून वारा असा वाहतो की जणू अख्ख्या माळावरचा वारा या एकाच दारातून जातोय. पोरं तिथं वाचायची, त्याहून जास्त झोपायची. पोरींनी घरी वाचायचं. पत्र्याखाली. दळण, पाणी, धाकट्याचं जेवण यांच्या मधल्या फटीत.

शाहीन माझ्या बाकावरची. तिच्या अब्बूंचं बांगड्यांचं दुकान डाव्या देवडीत होतं. सगळं गाव त्यांना मनियारचाचा म्हणतं. काचेच्या बांगड्यांचे तोडे दोरीला ओवून दगडात ठोकलेल्या खुंट्यांवर टांगलेले, खाली साबणाच्या पाण्याची वाटी, एक सतरंजी. लग्नसराईत तिथं बायांचा घोळका असायचा. शाहीनच म्हणाली, "आमच्या देवडीत बायाच येत्यात. आपण काय बाया न्हाय का?"

चाचांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, "बसा की. पर बडबड केली तर दोघींच्या हातात हिरवा चुडा भरीन अन् आजच सासरी धाडीन."

बसलो. ओटा तेव्हा उंच होता. चढताना शाहीन आधी, मग मला हात. बसलं की पाय लोंबकळायचे. हे लक्षात ठेवा, पायांचं मी पुढं सांगणार आहे.

आमची दहावी बांगड्यांच्या आवाजात झाली. नवरीचा हात चाचांच्या दोन्ही हातांत, बोटं एकत्र दाबून साबणाच्या पाण्यातून बांगडी वर सरकवायची, नवरी "आई गं" म्हणायची आणि आम्ही त्या तालावर विज्ञानाच्या व्याख्या म्हणायचो. शाहीनच्या भूगोलाच्या पुस्तकात नेमकी ब्राझीलवर पारव्यानं घाण केली. ती चिडून वर बघत म्हणाली, "महाराष्ट्र सोडून ह्याला ब्राझीलच घावला!" मोहोराची बारीक फुलं वाऱ्यानं उडून वहीच्या शिवणीत अडकायची. अजून माझी ती वही उघडली की तांबूस भुगा पडतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी समोरच्या देवडीतून एक बाप्या ओरडला. "चाचा, पोरी वेशीत बसायला लागल्या का आता?"

चाचा मान वर न करता म्हणाले, "वेशीत न्हाय, दुकानात बसल्यात. तुला काय पायजे, बांगड्या?"

सगळी वेस हसली. परत कुणी विचारलं नाही.

शहरातल्या माणसाला यात काय मोठं असं वाटेल. सांगते. आमच्या गावात बाईला चालायची मुभा आहे. उभं राहायची थोडी आहे. बसायची नाही. पारावर बाप्ये. हॉटेलात बाप्ये. एसटी स्टँडवर बसावं तर गाडी यायच्या आत चारजण विचारतात, "कुठं चाललीस, कोन हाय संगट?" देवळात बसलं तर काय नवस बोललीस. त्या एका हंगामात मी रोज दुपारी, उघड्यावर, गावाच्या ऐन दारात बसले, येणारं-जाणारं जग बघितलं, आणि तू कोण, कुणाची, कशाला बसलीस हे मला कुणी विचारलं नाही. माझ्यासाठी वेस म्हणजे हे आहे. कमानीची नक्षी नंतर. कोणत्या राजवटीची ते त्याच्याही नंतर.

चाचांनी जागा दिली ती आमच्यानंतरच्या पोरींनाही मिळत गेली. दरवर्षी मोहोर आला की डाव्या देवडीत दोन-तीन वेण्या दिसतात. वेस पाडली की त्या वेण्या कुठं जातील? पत्र्याखाली. रस्त्याच्या नकाशात हा मुद्दा नसतो, म्हणून इथं लिहितेय.

आता दिंडीची गोष्ट. आमच्यात परीक्षेला जाणारं पोर दिंडीतून जातं. परीक्षेचं केंद्र वेशीबाहेरच्या शाळेत. बाकी सगळं जग दाराच्या उघड्या अर्ध्यातून जातं, बैलगाड्या, फटफट्या, वऱ्हाडं, पुढारी. परीक्षार्थी तेवढा बंद फळीपाशी थांबतो, दिंडीच्या वरचा खिळा हातानं धरतो, वाकतो आणि पलीकडं निघतो. असं का, ते कुणाला माहीत नाही. ज्याला विचाराल तो नवं कारण सांगतो. तो खिळा मात्र हात लागून लागून असा गुळगुळीत झालाय की बाकीच्या गंजक्या खिळ्यांत तो एकटाच चमकतो.

पहिल्या पेपरच्या सकाळी शाहीन दिंडीसमोर अडून बसली होती. "अब्बू, वाकल्यावर पाठ केलेलं सांडलं म्हंजी?"

"भरलं असलं तर सांडंल न्हवं! जा."

आई सांगते, तिच्या वेळी नुसती मान झुकवली की दिंडी पार व्हायची. मी कमरेत वाकले. यंदाच्या पोरी जवळजवळ गुडघ्यावर येतायत. मला कितीतरी वर्षं वाटायचं की दिंडी म्हातारी होतेय, म्हाताऱ्या माणसासारखी खचत चाललीय. कळायला वेळ लागला. दिंडी आहे तिथंच आहे. रस्ता वर येतोय. दर निवडणुकीच्या तोंडावर जुन्या डांबरावर नवं डांबर. खरवडायचं नाही, उकरायचं नाही, थरावर थर. फळीचा खालचा भाग गाडला गेला, दिंडीचा उंबरा गाडला गेला, आणि ज्या ओट्यावरून माझे पाय लोंबकळायचे त्याच ओट्यावर आज बसलं की तळवे सपाट रस्त्याला टेकतात. मी वाढले नाही हो. तेवढीच आहे. शाहीन अजून मला बुटकीच म्हणते.

मोजायला एक साहेब आले होते. टेप लावून म्हणाले, "उंची कमी पडते. उसाची ट्रॉली अडकते."

मी म्हणाले, "साहेब, वेस खाली आली नाही. रस्ता वर आलाय. हा ओटा बघा."

"आजकाल गाड्या पण मोठ्या झाल्यात."

"मोठ्या गाड्यांना बाहेरून वळणरस्ता केलाय तुम्हीच. तो कशाला केला?"

"तो लांब पडतो, मॅडम."

"मग रस्ता खरवडा."

त्यांनी टेप गुंडाळली. "रस्ता आमच्याकडं येत नाही. तो विभाग वेगळा. आमच्याकडं फक्त बांधकाम."

म्हणजे बघा. चढवायचं एकानं, पाडायचं दुसऱ्यानं. आणि दोघांच्या मध्ये जे सरळ उभं आहे त्याचं नाव अडथळा.

मी धाराशिवला एसटीनं किती खेटे घातले ते सांगत बसत नाही. निवेदन द्यायचं, देताना फोटो काढायचा, फोटोत सगळ्यांनी निवेदनाला बोट लावायचं, साहेबांनी आमच्याकडं न बघता कॅमेऱ्याकडं बघायचं. पुढच्या खेपेला परत नुसता 'पोच'चा शिक्का. येडशीपाशी खिडकीतून रामलिंगाचं रान दिसतं, मार्चात पार वाळून तांबडं झालेलं, आणि मी दरवेळी मनात नवं पत्रक लिहीत परत येते. एकदा शेजारच्या म्हातारबाबांनी विचारलं, "काय काम व्हतं पोरी?" म्हटलं, वेस वाचवायची आहे. ते म्हणाले, "आमच्या गावाची तर ग्येली. तू गुतली असशील तर गुत, पर तब्येत सांबाळ."

गेली, असं किती शांतपणे म्हणतात लोक.

आमच्या गावातलं काय काय गेलं ते मला पाठ आहे. बारव गेली. पायऱ्यापायऱ्यांची, उन्हाळ्यातही तळाशी हिरवंगार पाणी असलेली. आधी तिच्यात गणपतीचं निर्माल्य पडलं, मग कचरा, मग घाण वास येतो म्हणून तक्रार झाली, मग वासावर स्लॅब टाकला. स्लॅबवर आता रंगीत दिव्यांची अक्षरं आहेत, आय लव्ह आणि पुढं गावाचं नाव. पोरं फोटो काढतात. ज्याच्यावर प्रेम आहे ते पायाखाली कुजतंय. मुसाफिरखाना गेला. निजामाच्या काळातला, ऐन बाजारात, लांबलचक व्हरांड्याचा. वाटसरूंना टेकायला बांधला होता, आमच्या लहानपणी तिथं बाजाराच्या दिवशी खेड्यावरच्या बाया गाठोडी सोडून भाकरी खायच्या. त्याच्या जागी शॉपिंग सेंटर आलं. वरच्या मजल्यावरची शटरं उघडलेली मी पाहिलेली नाहीत. जिन्यात शेळ्या बसतात आणि अंधार पडला की बाटल्या. बाया भाकरी आता उन्हात, नालीच्या कठड्यावर बसून खातात. दरवेळी शब्द तेच होते. विकास, सुशोभीकरण, अडथळा. या शब्दांचे रबरी शिक्के करून ठेवलेत की काय कोण जाणे.

आणि शाळेच्या सहली कुठं जातात? नळदुर्गला. परंड्याला. तेरला. "मुलांनो, हा आपला ठेवा आहे," असं सर किल्ल्यावर घसा फोडून सांगतात आणि गाडी परत गावात शिरताना वेशीत अडकली की तेच सर खिडकीतून ओरडतात, "काय कटकट आहे राव ही!" पाहायला जायचा तो ठेवा. रोज ज्याखालून जायचं ती कटकट.

आमच्या वॉर्डात एक भाऊ आहेत. सगळ्या वॉर्डांत असतात. यांचा वाढदिवस थंडीत येतो. तेव्हा तेरखेड्याच्या फटाक्यांची लांब माळ वेशीच्या कमानीत लावतात, कारण तिथं आवाज घुमतो. यंदाही लावली. नगारखान्यातले सगळे पारवे एकदम उडाले आणि दोन दिवस परतलेच नाहीत. भाऊंचे फ्लेक्स वेशीवर बारमाही. बंद फळीचा दिंडीच्या वरचा भाग म्हणजे यांना आयता फलक. दगडांच्या सांध्यात ड्रिल मारून लोखंडी चौकट ठोकलीय. फ्लेक्स उन्हानं पांढरा पडतो, मार्चच्या वाऱ्यानं फाटतो, चिंध्या फडफडत राहतात, मग त्याच्यावर नवा. खरं तर लक्तरं वेशीवर कधीचीच टांगलेली आहेत. आम्ही त्यांना शुभेच्छा म्हणतो.

हे सगळं मला सोपं होतं. साहेब, भाऊ, डांबर. राग कुणावर काढायचा ते ठरलेलं होतं. मग कळलं की चाचांनी पाडायला संमती दिली.

मी तरातरा देवडीत गेले. चाचा आता थकलेत. बांगडी सरकवताना त्यांचा हात थरथरतो, म्हणून नवऱ्या हल्ली बाजारातल्या काचेच्या दाराच्या दुकानात जातात. मी विचारलं, "चाचा, खरं आहे का?"

"व्हय."

"का?"

"नवं कॉम्प्लेक्स बांधनार हायेत, त्यात गाळा देतो म्हणाले."

"मुसाफिरखान्याच्या वेळी पण म्हणाले होते! कुणाला मिळाला?"

"ते माहीत हाय मला."

"तरी सही केलीत?"

चाचांनी बांगड्यांचा तोडा खुंटीवरून काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "बेटा, तू इथं एक हंगाम बसली. मी जिंदगी काढली. पावसात हितं वरून गळतंय. थंडीत ह्यो गारवा हाडात जातो. रोज सकाळी सगळा माल घरून आणायचा, संध्याकाळी परत न्यायचा, का तर दुकानाला दार न्हाय. गावाला दार हाय, मला न्हाय. मला शटर पायजे. खाली वढलं, कुलूप लावलं, झोपलो. येवढंच. तुला वेस पायजे वाचायला, मला शटर पायजे लावायला. तुजं चूक न्हाय. माजं पन न्हाय."

मी काहीतरी बोलले असेन. मोठ्यानं बोलले असेन. घरी येऊन शाहीनला फोन लावला. ती लातूरला नर्स आहे. सगळं ऐकून म्हणाली, "अब्बूंना बोलू नको गं. त्यांचं खरं हाय." मग म्हणाली, "पर वेस पाडू दिवू नको."

"दोन्ही कसं होणार?"

"ते तू बघ. पत्रकं तू लिहितीस."

त्या दिवशीचा माझा राग कुणावर होता ते मला अजून नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं मी देवडीच्या सावलीवर लिहीत होते. त्या सावलीत गळतं, हे मी एकदाही लिहिलं नव्हतं.

मग पहिल्या पेपरची सकाळ आली. मराठीचा पेपर. मी पत्रकं घेऊन वेशीपाशी गेले तर तिथं पोरांचा घोळका थांबलेला. पोरी जास्त. कुणी पुढं जाईना. मागं ट्रॉल्यांनी हॉर्नचा गोंगाट मांडलेला. मी वाट काढून पुढं गेले आणि पाहिलं.

बंद फळीवर नवा कोरा फ्लेक्स. या खेपेला वरपासून पार रस्त्यापर्यंत ताणून, तारांनी आवळून बांधलेला. मध्ये भाऊ, बैलाएवढे, हात जोडून हसणारे. भोवती पोस्टाच्या तिकिटांएवढे कार्यकर्ते. वर सोनेरी अक्षरांत, "दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना हार्दिक शुभेच्छा." आणि त्याच्या मागं, बरोबर भाऊंच्या पोटामागं, दिंडी.

शुभेच्छांनी वाट बंद केली होती. मी जन्मभर पत्रकं लिहिली तरी मला असलं वाक्य सुचलं नसतं.

लाल रिबिनींची एक पोर हातात पॅड धरून उभी होती. तिची आई म्हणत होती, "अगं चल की उघड्यातनं. सगळं गाव जातंय."

पोर म्हणाली, "सगळं गाव परीक्षेला न्हाय चाललं."

मी भाऊंना फोन लावला. म्हटलं, "भाऊ, तुमच्या फ्लेक्सनं दिंडी झाकलीय. पोरं खोळंबलीत."

"दिंडी?" भाऊ झोपेतून उठल्यासारखे. "कुठली दिंडी, ताई? आषाढीला अजून लई टाइम हाय की."

मी फोन ठेवला. पालखीची दिंडी वाटली यांना. ज्या दारावर यांचं थोबाड बारा महिने लटकतं, त्या दारात दिंडी आहे हेच यांना माहीत नाही. आणि हे ठरवणार वेस अडथळा आहे की नाही!

तेवढ्यात मागून चाचा आले. हातात बांगड्यांच्या दोऱ्या कापायची कात्री. पोरं आपोआप बाजूला झाली.

मी म्हणाले, "चाचा, जपून. चेहऱ्याला लागलं तर गुन्हा दाखल करतील."

"चेहऱ्याला कोन हात लावतंय? दिंडी पोटात हाय त्याच्या." आणि त्यांनी फ्लेक्स उभा चिरला. जाड होता. चर्रर्र करत फाटत गेला. मग आडवा. चिंधी बाजूला धरून चाचा ओरडले, "चला! येक येक. वाका नीट. खिळा धरा."

लाल रिबिनी पहिल्या गेल्या. मग दुसरी, तिसरी, मग पोरं. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "या या, भाऊंच्या पोटात सगळ्यांना जागा हाय!" आणि अख्खी वेस हसली. ट्रॉलीवाले हॉर्न सोडून हसले. वर पारवे फडफडले. त्या हशात पोरी एकामागं एक जवळजवळ गुडघ्यावर येऊन, पॅड छातीशी धरून, पुढाऱ्याच्या पोटातून पलीकडच्या उन्हात निघत होत्या.

सगळे गेल्यावर मी चाचांना विचारलं, "सही मागं घेता का मग?"

"न्हाय."

"मग हे?"

"सही दुकानाची हाय. हे परीक्षेचं हाय. दोनी एक करू नको." कात्री सतरंजीखाली सारून ते बसले. "पत्रकात दुकानाचं कवा लिवलंस तू? लिव, मग बगू."

मी लिहिलं. नवं पत्रक छोटं आहे. वेस पाडू नका. रस्ता खरवडा, जुन्या उंबऱ्यापर्यंत. वेशीच्या वरचा गळका भाग दुरुस्त करा. आणि वेशीत आयुष्य काढलेल्या माणसांना आधी शटर द्या, बाजारातल्या शॉपिंग सेंटरात खालचीही काही शटरं रिकामीच आहेत. हे पत्रक मी पहिल्यांदा चाचांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वरचं नगं, शेळ्या हायेत तिथं, हे बी लिव." लिहिलं. त्यांनी अजून सही मागं घेतलेली नाही. मीही आता रोज विचारत नाही.

संध्याकाळी भाऊंची माणसं फ्लेक्स कुणी फाडला विचारत फिरली. न्हाव्यानं सांगितलं, वाऱ्यानं. चहावाल्यानं सांगितलं, वाऱ्यानं. चाचांनी वर नगारखान्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "लई वारा सुटतो हितं. तुम्हाला ठावं न्हाय." ती माणसं फळीकडं बघत उभी राहिली. भाऊ तसेच हसत होते, हात जोडून, पोट नसलेले. नवा फ्लेक्स अजून छापून आलेला नाही. तोवर त्या चिंध्या फडफडतायत. वेशीतून जाणारं प्रत्येक माणूस आधी त्याच बघतं.

वारा नव्हता. आम्ही होतो. हे मी इथं लिहून देते.

मोहोर आता गळायला लागलाय. डाव्या देवडीत बसून मी हे संपवतेय. पाय रस्त्याला सपाट टेकलेत, डांबर तापलंय, पाठीला दगड गार आहे. शेजारी लाल रिबिनी ब्राझीलच्या नद्या पाठ करतेय, आणि मध्येच वर पारव्यांकडं संशयानं बघतेय. भूगोलाचा पेपर शेवटचा. तो सुटला की जेसीबी येणार, असं सगळेच म्हणतात.

पोरींना सांगून ठेवलंय. त्या दिवशी पेपर सुटल्यावर घरी जायचं नाही. सरळ वेशीत यायचं. दोन्ही देवड्या मोकळ्या ठेवल्यात, उजवीसुद्धा, पोरांना विचारून. मांडी घालून बसायचं. जेसीबीवाल्यानं हॉर्न वाजवला तर वाजवू द्यायचा. खाली उतरून त्यानं विचारलं की कोण गं तुम्ही, तर भिंतीवरचा कागद दाखवायचा आणि सांगायचं, वाच. आमचं नाव लिहिलंय त्यात. अडथळा.